बिननमुन्याचं करडं

बसमध्ये माझ्यापुढे उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीवर माझं सूत होतं, पण रंग माझा नव्हता. मी दचकलोच. हातातली औषधांची पिशवी खाली पडली, शेजारच्या बाईंनी उचलून माझ्या मांडीवर ठेवली, तरी मी त्या स्वेटरकडेच बघत राहिलो. पीळ माझा होता, त्यात शंकेला जागाच नव्हती. तीनपदरी लोकरीचं सूत, तीन रंगांचे तीन एकेरी धागे एकमेकांभोवती पिळलेले, आणि त्यातला निळा धागा इतर दोघांपेक्षा किंचित सैल, त्यामुळे सुताच्या अंगावर तो दाण्यासारखा जरासा उचललेला. निळा असा सैल सोडायची खोड या शहरात माझी एकट्याची. पिळाईच्या यंत्रात प्रत्येक धागा एका चकतीखालून जातो; चकती आवळली की धागा ताणात येतो. मी निळ्याची चकती अर्धा फेरा ढिली ठेवतो. त्यापायी मला काम शिकवणाऱ्या वस्तादांनी तरुणपणी माझे कान उपटले होते, तिघांनी सारखं ओढलं पाहिजे म्हणाले होते, आणि मी त्यांची पाठ फिरली की पुन्हा अर्धा फेरा ढिली करत होतो. तेव्हा पीळ माझाच. पण माझं करडं म्हणजे करडं असतं. राखी, अक्रोडी, आणि खाली कुठेतरी असून नसल्यासारखा निळा. या माणसाच्या पाठीवर तो निळा लग्नघरातल्या मेहुण्यासारखा सगळ्यांच्या पुढे येऊन उभा होता. माझं डोकंच फिरलं. कुणीतरी माझा पीळ चोरला होता, आणि चोरून वर त्याचं वाटोळं केलं होतं. तेवढ्यात बस वळली, खिडकीतून ऊन थेट तोंडावर आलं, मी उजव्या डोळ्यावर हाताचा आडोसा केला, आणि स्वेटर करडा झाला. माझा करडा. हात काढला, निळा. हात धरला, करडा. मी डोळे आलटूनपालटून मिटत राहिलो. समोरच्या बाकावरच्या एका बाईंना वाटलं असावं की हा म्हातारा आपल्याला डोळे मारतोय. त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरली आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

तासाभरापूर्वीच माझ्या उजव्या डोळ्यावरची पट्टी निघाली होती. पट्टी काढणारी नर्स हसऱ्या तोंडाची, "काका, आता सगळं नवीन दिसेल हं, घाबरू नका," असं म्हणाली होती. मी मनात म्हटलं होतं, पोरी, चाळीस वर्षं रंगांत गेली माझी, मला काय नवीन दाखवतेस. डॉक्टर म्हणाले होते की मोतीबिंदू जुना होता, सहा-सात वर्षं तरी हळूहळू पिकत असणार, आणि डावाही तसाच आहे, तो पुढच्या गुरुवारी करून टाकू. त्या वेळी सहा-सात वर्षं हे शब्द माझ्या कानावरून गेले होते. बसमध्ये ते परत आले. कारण डाव्या डोळ्यानं बघितलं की बसचं पांढरं छत चहा गाळायच्या जुन्या फडक्यासारखं पिवळट दिसत होतं, आणि उजव्यानं बघितलं की ते पांढरं होतं, इतकं पांढरं की मला ते जरासं उद्धट वाटलं. म्हणजे गेली सहा-सात वर्षं मी त्या फडक्यातून बघत होतो. आणि त्या फडक्यातून बघून मी दर थंडीआधी गिरणीच्या खिडकीशी उभा राहून करड्याचा निळा निवडत होतो. मी उठलो, दांडा धरत धरत त्या माणसापर्यंत गेलो आणि विचारलं, "स्वेटर छान आहे. कुणी विणला?" तो खूश झाला. "मावशीनं," म्हणाला. "मागच्याच थंडीत. का हो, मागे उसवलाय की काय?" मी म्हटलं, "नाही, नाही." तो गप्पिष्ट निघाला. "याच लोकरीचा बाबांचा एक आहे, दहा-बारा वर्षांपूर्वीचा. पण तो जरा गंभीर आहे." गंभीर! मी पुढच्या थांब्यावर उतरलो. माझा थांबा अजून तीन सोडून होता.

चालत गेलो, कारण बसून राहवत नव्हतं. रस्ताभर आकाश इतकं निळं होतं की मला त्याचा राग आला. करडं मी लग्न झालं त्या वर्षी काढलं. आम्ही राहायचो त्या घराला बाहेरून दगडी पायऱ्या होत्या, आणि ही सकाळी त्यांच्यावर बादली ओतायची. पाणी वरून खाली उतरायचं, वरच्या पायऱ्या सुकून राखी व्हायला लागायच्या, मधल्या तपकिरी, आणि अगदी खालच्या ओल्या पायरीत क्षणभर कुठूनसा निळा यायचा आणि जायचा. तो जायच्या आत मी धावत गिरणीत गेलो होतो. खरंच धावत, एका हातात डबा घेऊन. तीन धागे निवडले, पिळले, लडी करून वस्तादांपुढे धरली. वस्ताद पुष्कळ वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "याचा नमुना ठेवू नकोस." गिरणीत प्रत्येक रंगाचा नमुना असतो, पुठ्ठ्याला बांधलेला बोटभर झुपका, पुढच्या वेळी त्याच्याशी जुळवायचं. वस्तादांचा त्यावर राग होता. झुपका उन्हानं विटतो, वर्षागणिक फिकट होतो, तुम्ही इमानानं त्या फिकटाशी जुळवत जाता आणि तुमचा रंग तुमच्या नकळत मरतो. "डोळ्यात ठेव," ते म्हणाले होते. "डोळा विटत नाही." त्यांनी हे इतक्या खात्रीनं सांगितलं होतं की मी ते जन्मभर छातीवर पदकासारखं मिरवलं. नवीन माणूस गिरणीत आला की त्याला ऐकवायचं, आमच्या करड्याला नमुना नाही, मास्तरांच्या डोळ्यात आहे तो. वस्ताद गेले तेव्हा त्यांचं वय बावन्न होतं. मोतीबिंदू व्हायला माणसानं थोडं जास्त जगावं लागतं, हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं.

आणि उद्या सत्तर किलो करडं यंत्रावर चढायचं होतं. सुईताईंचं थंडीचं सूत. सुईताई म्हणजे आमच्या सुताची जुनी गिऱ्हाईक, अंबाड्यात कायम विणायच्या दोन सुया खोचलेली बाई, हाताखाली आठ-नऊ विणणाऱ्या बायका. राखी आणि अक्रोडी धाग्याच्या कांड्या स्टँडवर लागलेल्या होत्या. निळ्याची जागा माझ्यासाठी रिकामी ठेवलेली होती. पट्टी निघाली की येतो आणि निवडतो, असं मी सांगून गेलो होतो.

गिरणीत शिरलो तेव्हा रंगारीण फडताळापाशी होती. ही वस्तादांची पुतणी, वयानं चाळिशीची, पण मला अजून फ्रॉकातली दिसते. कोपरापर्यंत तिचे हात कधीच स्वतःच्या रंगाचे नसतात. फडताळात बारा खण, बारा निळे. पहिल्या खणातला जेमतेम निळा, बाराव्यातला जवळजवळ काळा. आकडा कांडीच्या तोंडात आतल्या बाजूला लिहिलेला असतो. मी तो कधी वाचत नाही. वाचायचा नाही हाच तर रुबाब. कांडी उचलायची, उत्तरेच्या खिडकीशी न्यायची, राखी आणि अक्रोडीच्या मधोमध धरायची, आणि थांबायचं. बरोबर असली की आत काहीतरी जागेवर बसतं. मी रंगारिणीला विचारलं, "मी करड्याला कितवा निळा घेतो?" तिनं डोळे मोठे केले. इतक्या वर्षांत मी आकडा विचारला नव्हता. "कधीचं विचारताय?" ती म्हणाली. मी म्हटलं, "कधीचं म्हणजे? एकच असतो ना?" ती रंगलेले हात फडक्याला पुसायला लागली, जे कधी पुसून निघत नाहीत, आणि म्हणाली, "रागावणार नाही ना, मास्तर? मी लागले तेव्हा तीन घ्यायचात. वर्षानुवर्षं तीन. मग एका थंडीला चार घेतलात. मला वाटलं, हात चुकला. पुढच्या थंडीला परत चार. मग पाच. मागच्या वर्षी सात. आता मी आधीच सात जास्त रंगवून ठेवते. या वर्षी आठही ठेवलाय, म्हटलं, असू दे हाताशी." मी म्हणालो, "आणि मूग गिळून गप्प बसलीस?" "तुम्ही विचारलंत का कधी? आणि मला वाटलं, तुम्हाला काहीतरी सुचतंय. सुचत असलेल्या माणसाला मध्येच टोकू नये, असं काका म्हणायचे." काका म्हणजे वस्ताद. तिकडूनही त्यांनीच मारलं.

मी खिडकीशी स्टुलावर बसलो. चक्रं फिरण्याचा तो आवाज, घोंगावणारा, एरवी मला झोपेतही ऐकू येतो आणि बरं वाटतं. त्या दिवशी तो दुसऱ्याच कुणाच्या घरातला वाटला. माणसानं खरं बोलावं. पिळाईचं यंत्र कुणीही चालवू शकतो. एकेरी धागा उजवीकडे पिळलेला असतो, तीन पदर एकत्र करताना डावीकडे पिळायचे, म्हणजे दोन्ही पीळ एकमेकांशी भांडून दमतात आणि सूत शांत होतं. हे शिकायला आठवडा लागतो, चांगल्या मुलीला चार दिवस. मला गिरणीत मास्तर म्हणायचे ते माझ्या डोळ्यासाठी. आणि तो डोळा सात वर्षं मला फसवत होता, मी गिरणीला फसवत होतो, गिरणी सुईताईंना, आणि सुईताई लोकांच्या पाठींना. मला तर असंही वाटून गेलं की गुरुवारी जाऊच नये. डावा डोळा आहे तसा राहू द्यावा. त्या पिवळ्या फडक्यात माझं करडं अजून जिवंत होतं, आणि गुरुवारनंतर ते जगात कुठेच दिसणार नव्हतं. हे वाटलं आणि लगेच लाजही वाटली, कारण सुईताईंना खरं सांगायचं बाकी होतं, आणि मी ते टाळण्यासाठीच एवढा लांबचा विचार करत होतो. रंगारीण म्हणाली, "निवडायचाय ना निळा?" मी म्हटलं, "उद्या," आणि उठलो.

सुईताईंचं दुकान रस्त्यापासून दोन पायऱ्या खाली आहे, त्यामुळे खिडकीतून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या चपला आणि बूट दिसतात, आणि बायका विणता विणता त्यांच्यावर शेरे मारतात. मी वाटेत वाक्यं जुळवत गेलो होतो. गेली सात वर्षं आपणांस पुरवण्यात आलेलं सूत, अशी सुरुवात केली होती, मग ती मला सरकारी नोटिशीसारखी वाटली म्हणून सोडून दिली. भीती एकच होती. सुईताई असं म्हणतील की मास्तर, आम्हाला माहीत होतं, पण एवढ्या वर्षांचा संबंध, तुम्हाला कसं बोलायचं म्हणून चालवून घेतलं. चालवून घेतलं. हे दोन शब्द मी आईच्या तोंडून एका शेजाऱ्याबद्दल ऐकले होते आणि तेव्हाच ठरवलं होतं की आपल्याबद्दल कुणी हे म्हणू नये. सुईताईंनी मला बसवलं, पाणी दिलं, डोळ्याची चौकशी केली, आणि मी एका दमात सांगून टाकलं. नमुना नसल्याचं, फडक्याचं, तीनाचं, साताचं, बसमधल्या माणसाचं. तोंड पाडून, फरशीकडे बघत. बायकांच्या सुया थांबल्याचं मला ऐकू आलं. "म्हणजे," मी शेवटी म्हणालो, "तुम्ही सात वर्षं करडं मागितलंत आणि मी तुम्हाला करडं दिलंच नाही."

 सुईताई उठल्या, मागच्या कपाटातून दोन स्वेटर काढले आणि माझ्यापुढच्या टेबलावर टाकले. एक पहिल्या-दुसऱ्या वर्षातला, दुसरा आताचा. पहिला बघून माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. तो तोच होता, पायरीवरून निळा निघून जातानाचा. पण बसमधला माणूस खरं बोलला होता. गंभीर होता. मुलगा परीक्षेत नापास झाल्यासारखा बसला होता तो टेबलावर. "हे विणताना," सुईताई म्हणाल्या, "मला वाटायचं, हे सूत करणारा माणूस कमी बोलत असणार. घरी जाऊन जेवून झोपत असणार. चांगला माणूस, पण असा." त्यांनी दुसऱ्यावर हात ठेवला. "मग ते दर वर्षी थोडं थोडं खुलायला लागलं. आधी वाटलं, भास आहे. मग या सगळ्यांनाही दिसायला लागलं. आमच्याकडे त्यावर चर्चा व्हायच्या, मास्तर. मी म्हटलं, माणसाला उतारवयात काहीतरी आनंदाचं झालंय. ही म्हणाली, नात झाली असेल. ती म्हणाली, नाही हो, बायकोशी जुना अबोला मिटला असेल. आता असं कुणाला विचारायचं कसं?" कोपऱ्यातली विणणारी बाई लगेच म्हणाली, "मी नातीवर पैज लावली होती." सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. उत्तर देणं भाग होतं. "नात नाही झाली," मी म्हणालो. "मोतीबिंदू झाला."

सुईताई हसायला लागल्या. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, मग टेबलाला धरून. अंबाड्यातली एक सुई निसटून फरशीवर वाजली आणि त्या वाजण्यालाही हसल्या. त्यांच्या बायका हसल्या. आणि मी, जो फाशीला निघाल्यासारखा आलो होतो, मलाही हसू फुटलं. डॉक्टरांनी हसू नका असं सांगितलं नव्हतं, पण डोळ्यातून पाणी काढू नका असं सांगितलं होतं, ते काही पाळता आलं नाही. जरा शांत झाल्यावर मी विचारलं, "मग या थंडीला काय देऊ?" "करडं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "पण कुठलं? हे की ते?" त्यांनी सुई उचलली, अंबाड्यात खोचली आणि एकदम धंद्याच्या आवाजात म्हणाल्या, "ते मला नका विचारू. मी विणते. करडं कसं असतं हे एवढी वर्षं तुम्ही सांगत आलात, आम्ही ऐकत आलो. आता मोतीबिंदू नाही म्हणून जबाबदारी माझ्यावर टाकता?" मी वर रस्त्यावर आलो तेव्हा हलका झालो होतो, आणि पाच पावलांत पुन्हा जड. कारण हे चालवून घेतलेलं नव्हतं, पण ज्याचं कौतुक झालं तो मी नव्हतो. खुललं होतं ते एका पिकत चाललेल्या भिंगामुळे. मी आत तोच, जेवून झोपणारा.

घरी आल्या आल्या हिनं विचारलं, "इतका उशीर? डोळा बरा आहे ना?" मी चपला न काढताच सगळं सांगितलं. ही ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिच्या चेहऱ्यावर ते आलं जे लग्नानंतर वर्षभरातच मी ओळखायला शिकलो, म्हणजे मी बोलतोय ते तिला आधीच माहीत आहे. "अहो," ती म्हणाली, "नमुना नाही म्हणता?" आणि आतल्या खोलीत जाऊन तिनं कपाटाचा खालचा खणच्या खण ओढून आणला आणि पलंगावर उपडा केला. माझे मोजे. मी दिवसभर बुटांत यंत्रापाशी उभा राहतो, माझ्या मोज्यांच्या टाचा आधी जातात. ही त्या रफू करते, वर्षानुवर्षं, मी खिशातून आणलेल्या सुताच्या उरल्यासुरल्या तुकड्यांनी. ही गोष्ट मला ठाऊक होती, जशी आपल्याला आपल्या घराला छप्पर असल्याची ठाऊक असते. तिनं मोजे पालथे करून ओळीनं मांडले. ही टाच या वर्षीची, म्हणाली, ही त्याच्या आधीची, हा तर माझ्या आईनं दिलेल्या जोडातला, फेकवत नाही म्हणून ठेवलाय. टाचांची ओळ पलंगाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेली. जुन्या टोकाच्या कितीतरी टाचा करड्या, एकसारख्या, गंभीर. मग एक जरा वेगळी. मग निळा वर यायला लागलेला, दर टाचेला थोडा जास्त, आणि शेवटी बसमधला. ऊन कधी लागलंच नव्हतं त्यांना, बुटातल्या अंधारात विटणार काय. नमुना ठेवत नाही म्हणून चारचौघांत मिरवणारा मी, गावभर माझे नमुने पायात घालून हिंडत होतो, आणि त्यांच्यावर उभं राहून चुकत होतो.

"तुला दिसत होतं?" मी विचारलं. "दिसत होतं की." "मग बोलली का नाहीस?" "बोलले होते. पाच वर्षं झाली. म्हटलं, अहो, निळं जरा जास्त पडतंय का? तुम्ही म्हणालात, तुझे डोळे तपासून घे." मला आठवलं. चांगलंच आठवलं, आवाजासकट. "मग?" "मग मी तपासून आले. चांगले निघाले." ती एक मोजा सरळ करत होती. "मग गप्प बसले. आणि खरं सांगू? मला आवडत होतं. तुम्ही त्या खिडकीशी उभं राहून मागची काही वर्षं काय करता ते मी बघितलंय, डबा द्यायला आले होते तेव्हा. पूर्वी कांडी धरायचात आणि ठेवून द्यायचात. आता धरता, ठेवता, परत दुसरी काढता, परत खिडकीशी. भूक लागल्यासारखे. मी डबा हातात घेऊन उभी होते, तुम्हाला पत्ता नाही." मी पलंगावर मोज्यांच्या शेजारी बसलो. भूक, ती म्हणाली, आणि ते मला आतून आठवलं. दर थंडीआधी खिडकीशी ते जागेवर बसायचं थांबलं होतं. काहीतरी कमी पडतंय, अजून थोडा, अजून थोडा, असा हात पुढच्या खणात जायचा, आणि हाताला निळा लागला की अंगावर काटा यायचा, चाळीस वर्षांच्या कामात पूर्वी कधी आला नव्हता असा. भिंग पिवळं पडत होतं, ते भिंगाचं काम. पण निळा मागत होतो तो मीच. पिवळ्यात गप्प बसलो असतो तर कुणी मला काय म्हटलं असतं? जेवून झोपणारा माणूस पिवळ्यात सुखानं झोपला असता. मी नव्हतो झोपलो. मी सात वर्षं हट्टानं एकेक खण पुढे सरकत होतो. मला इतका आनंद झाला की मी हिच्या हातातला मोजा काढून घेतला आणि तिला म्हणालो, तू फार हुशार आहेस. "आज पट्टी निघाली म्हणून दिसलं," ती म्हणाली. "आधी चपला काढा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीशी उभा राहिलो. डाव्या डोळ्यावर तळहात धरला. रंगारीण फडताळाच्या आडून बघत होती आणि बघत नसल्याचं दाखवत होती. पहिल्यांदा मी आकडे वाचून कांड्या काढल्या. तीन धरला. ते जागेवर बसलं, तंतोतंत, तरुणपणी बसायचं तसं, आणि मला पायऱ्या दिसल्या, बादली दिसली, हिचा ओला पाय दिसला. पुष्कळ वेळ धरून ठेवला मी तो तीन. मग खाली ठेवला. सात धरला. तोही चांगला होता, सुईताईंचा, बसमधल्या माणसाचा. मी तो डोळे मिटून दिला असता तर कुणाची तक्रार नसती. पण सातापर्यंत मी आंधळेपणानं आलो होतो. मी हात पुढच्या खणात घातला. आठ आणखी निळा होता, राखी आणि अक्रोडीच्या मध्ये धरला तेव्हा तो जरा भांडला, मी धरून राहिलो, आणि अंगावर काटा आला. तळहात डोळ्यावरून काढला, दोन्ही डोळ्यांनी बघितलं, एकात एक रंग, दुसऱ्यात दुसरा, आणि दोन्हींत काटा तसाच. स्टँडवर आठ लावला. निळ्याची चकती सवयीनं अर्धा फेरा ढिली केली. थोडंसं सूत पिळून घेतलं, वाफ दिली, हातभर तुकडा दुमडून हवेत लोंबकळत धरला. पीळ जास्त झाला असेल तर असा तुकडा स्वतःभोवती गुरफटतो, कमी झाला असेल तर उलटा उलगडतो. तो सरळ लोंबत राहिला. रंगारिणीला राहवलं नाही. ती आली, कांडीच्या तोंडात डोकावली आणि ओरडली, "आठ! मास्तर, डोळा सुधारलाय ना तुमचा?" मी म्हटलं, "सुधारलाय म्हणूनच. यंत्र चालू कर. सत्तर किलो आहे." तो हातभर तुकडा मी कापून खिशात टाकला, आणि घरी जाऊन हिला दिला, आणि कुठे लावायचा ते सांगितलं.

गुरुवारी हिनं मला दवाखान्याच्या दारापर्यंत सोडलं. आतल्या खोलीच्या बाहेर चपला-बूट काढून ठेवायचे असतात, मोज्यांवर हिरव्या कापडी पिशव्या चढवतात. तीच हसरी नर्स होती. तिनं माझे पाय स्टुलावर घेतले, पिशवी चढवायला लागली आणि थांबली. डाव्या पायाची टाच लग्नाच्या वर्षीची होती, करडी. उजव्या पायाची आठ नंबरची, नवीकोरी. मोजे मीच निवडून घातले होते. "अगं बाई," ती म्हणाली, "काका, घाईत निघालात वाटतं. मोज्यांच्या टाचा दोन रंगांच्या आहेत."

"हो," मी म्हटलं, "दिसतायत मला."